कोकणातल्या घरी कृषी पर्यटन केंद्र: नोंदणीची पात्रता, कागदपत्रे आणि ‘आई’ धोरणातला व्याज परतावा

आमच्या वाडीतल्या काकींचे घर पाहिले की कुणालाही तिथे दोन दिवस राहावेसे वाटेल. शेणाने सारवलेले खळे, मागे माडाची बाग, पडवीत झोपाळा, आणि चुलीवरच्या माशांच्या तिखल्याचा वास थेट रस्त्यापर्यंत. पाहुणे ठेवायचे त्यांच्या मनात कधीपासून होते. गेल्या वर्षी त्या माझ्याकडे सातबारा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “माका सगळा येता, पण ह्या कागदात माजा नावच नाय.” उतारा उघडला तर खरेच होते. सासऱ्यांचे नाव अजून तसेच, ते जाऊन सोळा वर्षे झालेली. त्यांच्या खाली चुलत घराण्यातली नऊ नावे, त्यातली सहा मुंबईत.

म्हणून या माहितीची सुरुवात मी सातबाऱ्यापासूनच करते. शुल्क भरणे, ऑनलाइन अर्ज, फोटो ही कामे दोन दिवसांत होतात. कोकणात अर्ज अडतो तो जमिनीच्या कागदावर.

योजना कोणाची, अर्ज कुठे

सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला तेव्हापासून ‘पर्यटन’ म्हटले की आपल्याकडे एमटीडीसी, म्हणजे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ, हेच नाव तोंडात येते. तारकर्लीचे, गणपतीपुळ्याचे निवासस्थान चालवते ते हे महामंडळ. पण कृषी पर्यटन केंद्राची नोंदणी महामंडळ करत नाही, ती राज्याचे पर्यटन संचालनालय करते. अर्ज संचालनालयाच्या संकेतस्थळावर होतो आणि पुढचा सगळा व्यवहार विभागीय पर्यटन कार्यालयाच्या उपसंचालकांशी असतो. कोकण विभागाचे कार्यालय नवी मुंबईत आहे. महामंडळाच्या निवासस्थानात जाऊन अर्ज मागणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांचा दिवस फुकट जातो.

नोंदणीचा आधार म्हणजे सप्टेंबर 2020 मध्ये आलेले राज्याचे कृषी पर्यटन धोरण. त्याआधी बारामतीजवळच्या पळशीवाडीसारख्या ठिकाणी शेतकऱ्यांनी हा व्यवसाय करून दाखवला होता, पण त्याला सरकारी ओळख नव्हती. बँकेत गेले की शेतीचे कर्ज द्यायचे की हॉटेलचे, असा प्रश्न पडायचा. धोरणामुळे मिळणारे नोंदणी प्रमाणपत्र त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

पात्र कोण

वैयक्तिक शेतकरी, कृषी सहकारी संस्था, शेतकऱ्यांनी मिळून काढलेली भागीदारी संस्था किंवा कंपनी, कृषी विज्ञान केंद्र, कृषी महाविद्यालय आणि कृषी विद्यापीठ. यात बचत गटाचे नाव थेट नाही. गटातल्या बायका मला हे नेहमी विचारतात. त्यांच्यासाठी सोपा मार्ग असा की ज्या सदस्येच्या नावावर शेती आहे तिने वैयक्तिक अर्ज करावा आणि स्वयंपाक, घावणे-आंबोळ्या, कोकम सरबत, पापड यांची कामे गटाने घ्यावीत.

एक अट ठळक लक्षात ठेवा. शाळेच्या सहली घ्यायच्या असतील तर किमान 5 एकर क्षेत्र लागते. कोकणात जमिनीचे तुकडे लहान, त्यामुळे पुष्कळांना सहलींचा मार्ग बंद होतो. त्यात वाईट वाटून घेऊ नका. चार माणसांचे एक कुटुंब दोन रात्री राहते तेव्हा त्यांना घरचे जेवण, बागेतली कामे आणि संध्याकाळी पडवीत बसून गप्पा हव्या असतात, आणि तेवढे द्यायला लहान बागही पुरते.

केंद्रात शेती खरोखर चालू असली पाहिजे. नुसत्या खोल्या बांधून ‘कृषी’ हा शब्द लावला तर तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला ते पहिल्या फेरीत दिसते.

सातबारा आधी नीट करा

मयत खातेदाराचे नाव असेल तर वारस नोंद करून घ्या. मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती देणारे प्रतिज्ञापत्र आणि रेशनकार्ड घेऊन तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज द्यायचा. ‘ई-हक्क’ प्रणालीतून तो घरबसल्याही करता येतो. फेरफार नोंदवला की हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस निघते आणि त्यानंतर मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. हे सुरळीत झाले तर महिन्याभराचे काम, पण कुणी हरकत घेतली की मोसम निघून जातो. म्हणून घराचे रंगकाम काढण्याआधी हे काम काढा.

वारस नोंद झाली तरी सामाईक खाते सामाईकच राहते. रीतसर वाटप करून घेतले तर उत्तम, पण ते लांबते. अर्जापुरते इतर खातेदारांचे संमतीपत्र चालवता येते. त्यात गट क्रमांक, क्षेत्र, अर्जदाराचे नाव आणि ‘या जागेत कृषी पर्यटन केंद्र चालवण्यास हरकत नाही’ हे वाक्य स्पष्ट असावे. मजकूर तयार झाला की सह्या घेण्याआधी विभागीय कार्यालयाला दाखवा. काकींनी पहिल्या खेपेला तो दाखवला नव्हता. गट क्रमांक चुकलेला निघाला आणि नऊ सह्या परत घ्याव्या लागल्या.

ज्यांचे पती हयात आहेत आणि जमीन त्यांच्याच नावावर आहे अशा बायकांसाठी लक्ष्मी मुक्ती योजना आहे. पतीने तहसीलदारांकडे स्वतः अर्ज केला की पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागते. पुढे ‘आई’ या महिलांसाठीच्या पर्यटन धोरणाचा लाभ घ्यायचा असेल तर हे आधीच करून ठेवलेले फार कामाला येते.

अर्जासोबतचे कागद आणि शुल्क

ताजा सातबारा (डिजिटल स्वाक्षरीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपयांत मिळतो), आधार, पॅन, जागेचे वीजबिल, जेवण देणार असाल तर अन्न सुरक्षा नोंदणी, आणि शुल्काचे चलन. छोट्या घरगुती व्यवसायाला अन्न सुरक्षेची मूळ नोंदणी पुरते, तिचे शुल्क वर्षाला 100 रुपये आहे. संस्था किंवा कंपनी असेल तर तिचे नोंदणीपत्र आणि ठराव जोडा. वीजबिलावरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव वेगळे असेल, आणि आपल्याकडे ते बहुतेक वेळा असतेच, तर नाते सांगणारा कागद सोबत ठेवा.

पहिल्या नोंदणीचे शुल्क 2,500 रुपये. ते ‘ग्रास’ या सरकारी संकेतस्थळावर भरायचे आणि चलनाची प्रत जोडायची. प्रमाणपत्राचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी, त्याला 1,000 रुपये. याहून जास्त पैसे कुणी ‘काम करून देतो’ म्हणून मागितले तर देऊ नका. चलन तुमच्या नावाने निघते आणि पैसे थेट शासनाकडे जमा होतात.

अर्ज गेल्यावर जागेची पाहणी होते. स्वच्छ शौचालय, पिण्याचे पाणी, प्रथमोपचार पेटी, गाडी लावायला जागा एवढे तरी तयार असावे. विहिरीला कठडा नसेल तर तो आधी बांधून घ्या, शहरातली मुले विहिरीपाशी धावतातच.

प्रमाणपत्राने काय मिळते

त्याच्या आधारावर बँकेत कर्जासाठी उभे राहता येते. आठ खोल्यांपर्यंत नगररचना विभागाच्या मान्यतेची गरज धोरणाने ठेवलेली नाही. पाहुण्यांच्या स्वयंपाकासाठी घरगुती गॅस जोडणीची मुभा आहे. शेततळे, हरितगृह, फळबाग, भाजीपाला लागवड या योजनांसाठी अर्ज करता येतो आणि विपणनाचे प्रशिक्षण संचालनालय देते.

पण आठ खोल्यांची सवलत म्हणजे सगळ्या नियमांतून सुटका नव्हे. जागा किनाऱ्याजवळ असेल तर सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागूच राहतात. बांधकामाला हात लावण्याआधी ते तपासा, पाया घातल्यावर नव्हे.

‘आई’ धोरण: बायकांनी हे नक्की वाचा

जून 2023 मध्ये राज्याने ‘आई’ हे महिला केंद्रित पर्यटन धोरण आणले. महिलेच्या मालकीच्या आणि तिनेच चालवलेल्या पर्यटन व्यवसायासाठी 15 लाख रुपयांपर्यंतचे कर्ज घेतले तर त्यावरचे व्याज 12 टक्क्यांच्या मर्यादेत शासन परत करते. हे सात वर्षे चालते किंवा परताव्याची रक्कम साडेचार लाख होईपर्यंत, यातले जे आधी होईल ते. हप्ते वेळेवर गेले पाहिजेत ही अट आहे.

इथे मी स्वतः हिशेब मांडून पाहिला. सात वर्षांसाठी 12 टक्क्यांनी 15 लाख घेतले तर महिन्याचा हप्ता साधारण 26,500 रुपये बसतो आणि साडेचार लाखांची मर्यादा तिसरे वर्ष संपता संपता गाठली जाते. पुढची चार वर्षे व्याज तुमच्या खिशातून. तेच कर्ज 9 लाखांच्या आसपास ठेवले तर सातही वर्षांचे सगळे व्याज त्या मर्यादेत बसते. दोन खोल्या आणि दोन शौचालये नीट करायला 15 लाख लागतातच असे नाही. माझे मत विचाराल तर गरजेपुरतेच घ्या.

क्रम मात्र चुकवू नका. आधी विभागीय पर्यटन कार्यालयात अर्ज करायचा, तिथून पात्र ठरल्याचे हेतुपत्र घ्यायचे आणि ते घेऊन बँकेत जायचे. आधी कर्ज घेऊन मग परतावा मागायला गेलेल्या एका ताईंना मी रिकाम्या हाताने परतताना पाहिले आहे. अर्जासोबत व्यवसाय स्वतःच्या मालकीचा असल्याचे घोषणापत्र, जागेचे कागद, आधार, पॅन, रद्द केलेला धनादेश, 50 रुपयांचे चलन आणि किमान 500 शब्दांत प्रकल्पाची संकल्पना द्यावी लागते. बँक खाते आधारशी जोडलेले हवे.

त्या 500 शब्दांना बायका घाबरतात आणि कुणाकडून तरी छापील मजकूर आणतात. तसे करू नका. तुमच्या घरी पाहुण्याला काय मिळेल ते लिहा. पौषात बायका धालो, म्हणजे फेर धरून गाणी, कुठे खेळतात, गावच्या जत्रेला दशावतार कधी असतो, भात लावणीला पाहुणा चिखलात उतरू शकेल का, हे लिहा. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत गोष्ट सांगण्याची कला, आहे, ती जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. सावंतवाडीत लाकडी खेळणी आणि गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, आहेत. तुमच्या घरापासून ही ठिकाणे किती अंतरावर आहेत आणि पाहुण्याला तिथे कोण नेईल, एवढे लिहिले तरी दोन पाने भरतात. काकींनी सांगितले आणि मी लिहून घेतले. तिखल्यावरच एक परिच्छेद झाला, आणि तो मी कापला नाही.

सुरू झाल्यावर

पाहुण्यांची नोंदवही ठेवा, ओळखपत्राची प्रत घ्या. परदेशी पाहुणा आला तर 24 तासांत ऑनलाइन नोंद करणे बंधनकारक आहे. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही.

संमतीपत्रांबद्दल शेवटचे सांगते. मुंबईकर सहहिस्सेदारांना फोन करून सह्या मिळत नाहीत, पाकिटे पडून राहतात. गणपतीला मात्र सगळे येतात. मजकूर विभागीय कार्यालयाला आधीच दाखवून घ्या, प्रती काढून ठेवा, प्रत्येकाला आधारची झेरॉक्स आणायला सांगा. चतुर्थीच्या दिवशी कुणाला कागद दाखवू नका. दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणे झाली, माणसे पडवीत बसली की काढा. काकींच्या नऊ सह्या अशाच एका दुपारी झाल्या, आणि परळच्या दिरांनी सही करून विचारले, “पहिली खोली आमची ना गो?”