पॉइंट-अँड-क्लिक खेळांतील कोड्यांची काठिण्यपातळी

पडद्यावरच्या चित्रात माउसने टिचक्या मारत वस्तू गोळा करायच्या, त्या योग्य जागी वापरायच्या, पात्रांना बोलते करायचे आणि कोडी सुटतील तशी गोष्ट पुढे न्यायची, अशा संगणकीय खेळांना पॉइंट-अँड-क्लिक ॲडव्हेंचर गेम म्हणतात. शर्यतीच्या किंवा नेमबाजीच्या खेळातले काठिण्य हाताच्या चपळाईत असते आणि सरावाने ते उतरते. या खेळांतले कोडे मात्र एकतर सुचते किंवा सुचत नाही. सुचले नाही, तर गोष्ट तिथेच खिळून राहते. म्हणून या प्रकाराच्या लोकप्रियतेचा चढउतार सांगताना कोड्यांचा विषय टाळता येत नाही.

या खेळांचे मूळ मजकुरी खेळांत आहे. विल क्राउदर यांनी सुरू केलेला आणि १९७७ मध्ये डॉन वुड्स यांनी वाढवलेला ‘कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर’ आज्ञा टंकून खेळावा लागे. काय करायचे ते कळूनही खेळाला समजेल असा शब्द न सापडल्याने खेळाडू अडकत. १९८७ च्या ‘मॅनियॅक मॅन्शन’ने पंधरा क्रियापदे पडद्यावरच मांडली, तेव्हा शब्द हुडकण्याचा हा ताप संपला. त्याबरोबर दुसरी वाट मोकळी झाली. पिशवीत दहा वस्तू आणि दृश्यात वीस जागा असतील, तर ‘ही वस्तू तिथे वापर’ असे २०० प्रयोग होतात. डोके न चालवता ते सगळे करून पाहता येतात. खेळाडू असे करू लागला, की कोडे त्याच्यापुरते मेलेलेच असते.

‘मॅनियॅक मॅन्शन’चे एक निर्माते रॉन गिल्बर्ट यांनी १९८९ मध्ये या प्रकारच्या खेळांवर झणझणीत टीका करणारा लेख लिहिला. मेल्याशिवाय कळणार नाही अशी कोडी नकोत. आधी एखादी वस्तू उचलायची राहिली म्हणून पुढे कायमचे अडकणे नको, असा त्यांचा रोख होता. अशी कोडी ठेवणारा आणि टाळणारा असे दोन्ही संप्रदाय १९९० मध्ये शेजारी-शेजारी दिसतात. सिएरा कंपनीच्या ‘किंग्ज क्वेस्ट ५’मध्ये ‘पाय’ (pie) नावाचा एक गोड पदार्थ मिळतो. भूक लागली म्हणून तो खाल्ला, तर पुढे बर्फातला यती आडवा येतो तेव्हा त्याच्या तोंडावर फेकायला काही उरत नाही. मांजराच्या तावडीतून उंदराला वाचवले नाही, तर पुढे दोरखंड कुरतडायला कोणी येत नाही. चूक कुठे झाली हेही खेळ सांगत नाही. त्याच वर्षीच्या गिल्बर्ट यांच्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’मध्ये नायकाला मरणे जवळजवळ अशक्य आहे. तो दहा मिनिटे श्वास रोखू शकतो आणि खेळाडूने त्याला मुद्दाम तेवढा वेळ पाण्याखाली ठेवले तरच बुडतो. त्यातली कोडी सोपी नाहीत, पण अडकलेल्याला एवढी खात्री असते की उत्तर अजून हाताशी आहे.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण ‘कठीण’ या एका शब्दाखाली अनेक गोष्टी खपवल्या जातात. तर्क लांबलचक असणे ही एक गोष्ट. ठिपक्याएवढी वस्तू पार्श्वभूमीत लपवून कर्सर इंच-इंच फिरवायला लावणे ही दुसरी. ती डोळ्यांची परीक्षा आहे. तिसरी म्हणजे ‘मून लॉजिक’ : उत्तर पाहिल्यावरही ‘अरे, हो की!’ असे न वाटणे. ‘मंकी आयलंड २’मध्ये पंप बंद करायला संमोहित माकडाचा पान्यासारखा उपयोग करावा लागतो. अमेरिकेत एका प्रकारच्या पान्याला ‘मंकी रेंच’ म्हणतात, हे माहीत असेल तर हसू येते. माहीत नसेल, तर कितीही विचार करून उपयोग नाही. १९९६ च्या ‘ब्रोकन स्वोर्ड’मधल्या बोकडाच्या कोड्याची कुप्रसिद्धी वेगळ्या कारणाने आहे. तोवर कधीही घाई करायला न लावलेला खेळ तिथे अचानक वेळ साधण्याची मागणी करतो.

सर्वांत बदनाम कोडे १९९९ च्या ‘गॅब्रिएल नाइट ३’मधले. मोटारसायकल भाड्याने घेण्यासाठी नायकाला मित्राचे सोंग घ्यायचे असते. त्यासाठी तो चिकटपट्टीवर मांजराचे केस मिळवतो, पाकाने ते ओठावर चिकटवून मिशी करतो आणि मित्राला मिशी नसल्याने त्याच्या पासपोर्टावरच्या फोटोवरही मिशी काढतो. अशा कोड्यांनीच हा प्रकार मारला, असे पुढे गमतीने आणि मग गांभीर्यानेही म्हटले जाऊ लागले. हे निदान अपुरे आहे. १९९३ चा ‘मिस्ट’ काही सोपा नव्हता. तरी त्याच्या ६० लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि २००२ मध्ये ‘द सिम्स’ने मागे टाकेपर्यंत तो सर्वाधिक खपाचा पीसी खेळ होता. शतकाच्या अखेरीस त्रिमितीय खेळांकडे ओढा वाढला, चित्रे आणि आवाज यांचा खर्च चढला, आणि एकदा सुटलेला खेळ पुन्हा खेळायला फारसे कारण उरत नाही ही जुनी अडचण होतीच. कोड्यांवर नाराज खेळाडू याआधीही होते. आता त्यांना जायला दुसरी जागा मिळाली.

अडकण्याची बाजारपेठही होती. मजकुरी खेळ बनवणारी इन्फोकॉम कंपनी अदृश्य शाईत छापलेल्या उत्तरांच्या पुस्तिका विकत असे. खास पेन फिरवले की हवी तेवढीच ओळ उमटे. पुढे पैसे घेऊन सूचना देणाऱ्या फोनसेवा आल्या. इंटरनेटवर फुकट वॉकथ्रू, म्हणजे खेळाची पायरीपायरीने उकल, मिळू लागल्यावर उत्तर एका टिचकीवर आले आणि आठवडाभर डोक्यात घोळणारे कोडे दुर्मीळ झाले. काठिण्य तेच राहिले, पण ते सोसण्याची सक्ती गेली.

त्यानंतरच्या निर्मात्यांनी काठिण्य खेळाडूच्या हाती द्यायला सुरुवात केली. ‘मंकी आयलंड २’ने सोप्या आवृत्तीचा पर्याय १९९१ मध्येच ठेवला होता. चेक प्रजासत्ताकातल्या २००९ च्या ‘मशिनेरियम’मध्ये एक छोटा खेळ जिंकल्यावर उत्तरांची वही उघडते. ‘थिंबलवीड पार्क’ने २०१७ मध्ये दोन पातळ्या दिल्या, आणि २०२२ च्या ‘रिटर्न टू मंकी आयलंड’मध्ये तर सूचनांचे पुस्तक नायकाच्या सामानातच असते. टेलटेल कंपनीच्या ‘द वॉकिंग डेड’ने २०१२ मध्ये कोडी जवळपास काढून निवडींवर भर दिला आणि मोठा प्रेक्षक मिळवला. त्याच वर्षी डबल फाइन कंपनीला जुन्या धाटणीच्या खेळासाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ३३ लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. त्यातून आलेल्या ‘ब्रोकन एज’चा पहिला भाग फार सोपा म्हणून अनेक जण कुरकुरले, तर दुसरा फार अवघड म्हणून.