बाह्या निघणारे जॅकेट आणि ‘नग’ या शब्दाचा गुंता

बाह्या चेनने काढून ठेवता येणारे जॅकेट, गुडघ्यापाशी चेन उघडली की थ्री-फोर्थ होणारी पँट, उलटे करून घातले तरी चालणारे विंडचीटर, असे कपडे महाविद्यालयीन तरुणांच्या रोजच्या वापरात अलीकडे आले असले, तरी त्यांमागची कल्पना जुनीच आहे. अंथरायला, पांघरायला आणि खोळ करून पावसात डोक्यावर घ्यायला एकच घोंगडी पुरत असे. खिशांची कार्गो पँट दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास लष्करी गणवेशातून आली. पाय सुटे होणारा तिचा प्रकार मात्र रस्त्यावरच्या फॅशनपेक्षा डोंगरवाटांवर अधिक रुळला, आणि सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांना त्याचे अप्रूप नाही.

मागणी वाढण्याचे कारण हवेत शोधावे लागते. पावसाच्या आगमनाच्या आणि परतीच्या सर्वसाधारण तारखा 2020 मध्ये नव्याने ठरवण्यात आल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबरवर गेली. फेब्रुवारी 2023 मध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान 1901 पासूनच्या कोणत्याही फेब्रुवारीपेक्षा जास्त होते. 2025 मध्ये तर मोसमी पाऊस मुंबईत 26 मे रोजीच, म्हणजे नेहमीपेक्षा सोळा दिवस आधी, येऊन ठेपला. सकाळी गारठा, दुपारी घाम आणि संध्याकाळी सर, अशा दिवशी दुचाकीवरून फिरणाऱ्याला तीन कपडे बाळगण्यापेक्षा एकाचे तीन करणे परवडते. (पाणी झिरपते ते बहुधा याच चेनच्या आणि शिवणीच्या जागी, हे विक्रेता सहसा सांगत नाही.)

या कपड्यांच्या वाटचालीत खरा वादाचा विषय ठरला तो कर. 1 जुलै 2017 पासून तयार कपड्यांवर प्रत्येक नगाच्या किमतीनुसार वस्तू व सेवा कर लागू झाला: 1000 रुपयांपर्यंत 5 टक्के, त्यापुढे 12 टक्के. कृत्रिम धाग्यांच्या साखळीत कच्च्या मालावर तयार मालापेक्षा जास्त कर पडतो, ही तक्रार दूर करण्यासाठी 1 जानेवारी 2022 पासून सरसकट 12 टक्के आकारण्याचे ठरले होते, पण आदल्याच दिवशी तो निर्णय लांबणीवर टाकण्यात आला. पुढे 22 सप्टेंबर 2025 पासून मर्यादा 2500 रुपयांवर नेण्यात आली, तिच्या आत 5 आणि वर 18 टक्के कर ठरला, आणि कृत्रिम तंतू व सूत यांवरील करही 5 टक्क्यांवर आला.

गुंता आहे तो ‘नग’ या शब्दात. करापूर्वी 2800 रुपये किंमत असलेले, बाह्या निघणारे जॅकेट हा एकच नग, म्हणून त्यावर 504 रुपये कर. त्याऐवजी 1400 रुपयांचे जॅकेट आणि तेवढ्याच किमतीचे बिनबाह्यांचे जॅकेट अशी दोन घेतली, तर दोहोंवर मिळून 140 रुपये. जुन्या दरांत या दोन्ही खरेदींवर सारखाच, 336 रुपये, कर पडत होता. उलट 1800 रुपयांच्या पँटवर पूर्वी 216 रुपये द्यावे लागत, आता 90 पुरतात, हेही नाकारता येत नाही. किमतीची एकच रेषा आखली की अंमलबजावणी सोपी होते आणि महागडा कपडा घेणाऱ्यावर जास्त भार पडतो, हे समर्थन वरवर पटते. पण दोन कपड्यांचे काम एकात भागवून कापड वाचवणारा ग्राहक या रेषेच्या चुकीच्या बाजूला का असावा, याचे उत्तर त्यात नाही. बाह्यांची किंमत वेगळी लावून दोन नग दाखवावेत, अशी पळवाट सुचते खरी, परंतु एकमेकांसाठीच शिवलेले आणि एकत्र विकले जाणारे भाग कराच्या हिशेबात स्वतंत्र वस्तू मानले जातील, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. त्यामुळे 2500 च्या आत बसायचे, तर अस्तर पातळ करणे किंवा चेन हलक्या प्रतीची वापरणे एवढेच शिवणाऱ्याच्या हाती उरते, आणि पाऊस आत येतो तो नेमका तिथूनच.