लुसिल बॉल आणि ‘द डार्क कॉर्नर’: खुलासा

‘द डार्क कॉर्नर’ (1946) या फिल्म न्वारबद्दल, म्हणजे काळोख्या वातावरणातल्या गुन्हेगारीपटाबद्दल, एक समज फार दिवस फिरतो आहे: टीव्हीवरची विनोदसम्राज्ञी लुसिल बॉल हिने चवीपुरता बदल म्हणून केलेला हा गंभीर सिनेमा. साल पाहिलं तरी हे कोलमडतं. तिची गाजलेली विनोदी टीव्ही मालिका ‘आय लव्ह लुसी’ सुरू झाली ऑक्टोबर 1951 मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी. 1946 च्या प्रेक्षकासमोर ती ‘लुसी’ नव्हतीच.

गंभीर भूमिकाही तिला नव्या नव्हत्या. ‘द बिग स्ट्रीट’मध्ये (1942) हेन्री फोंडासमोर तिने साकारलेली गर्विष्ठ, कडवट गायिका आजही बोचते. हेन्री हॅथवेच्या ‘द डार्क कॉर्नर’मध्ये ती खुनाच्या आळात अडकवलेल्या गुप्तहेराची सेक्रेटरी कॅथलीन आहे: हजरजबाबी, पण विदूषक नव्हे. नायक मार्क स्टीव्हन्स खचतो तेव्हा डोकं शांत ठेवते तीच. (माझ्या मते स्टीव्हन्सपेक्षा तीच भारी पडते. क्लिफ्टन वेबचा कलादालनमालक मात्र दोघांनाही पुरून उरतो.) श्रेयनामावलीतही पहिलं नाव तिचंच. पुढच्याच वर्षी डग्लस सर्कच्या ‘ल्युअर्ड’मध्ये ती लंडनमधल्या खुन्याला पकडण्यासाठी पोलिसांचं आमिष बनली.