बंद पडलेल्या नॅरोगेज मार्गाचा शोध

रूळ उखडून नेलेल्या आणि नव्या नकाशांवरून नाहीशा झालेल्या अरुंदमापी लोहमार्गाची आखणी, बांधणी व शेवट कागदपत्रांवरून आणि जमिनीवरच्या खुणांवरून पुन्हा जुळवण्याचे काम. दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर (गेज) १,४३५ मिमीपेक्षा कमी असेल तर मार्ग नॅरोगेज ठरतो; भारतात मात्र मीटरगेज वेगळा धरतात आणि ७६२ व ६१० मिमी या मापांनाच नॅरोगेज म्हणतात.

अशा मार्गाचा माग काढताना सर्वांत जास्त गोंधळ तारखांचा होतो. मार्ग एका दिवसात बंद होत नाही. शेवटची प्रवासी गाडी, शेवटची मालगाडी, बंद करण्याचा आदेश, सामानाचा लिलाव आणि रूळ उखडणे या पाच वेगळ्या घटना आहेत व त्यांत वर्षांचे अंतर असू शकते. सुरुवातीचेही तसेच. इंग्लंडमधील लिंटन–बार्नस्टेपल या ५९७ मिमी मापाच्या मार्गाचे उद्घाटन ११ मे १८९८ रोजी झाले, पण नियमित प्रवासी वाहतूक १६ मे रोजी सुरू झाली. दोन्ही तारखा छापलेल्या सापडतात आणि दोन्ही बरोबर आहेत. म्हणून नोंदवहीत नुसते ‘सुरू’ आणि ‘बंद’ असे दोन रकाने ठेवू नयेत. प्रत्येक तारखेपुढे ती नेमकी कशाची, हे लिहावे.

कागदपत्रांत भूसंपादनाचे नकाशे सर्वांत भरवशाचे, कारण त्यांत जमिनीच्या मोबदल्याचा प्रश्न असे आणि मोजणी काळजीपूर्वक होई. आखणीचे मंजूर आराखडे त्या मानाने फसवे असतात: मंजूर झालेला मार्ग बांधला गेलाच, असे नाही. स्थलवर्णनात्मक नकाशा हाती आला की आधी समास वाचावा. सर्वेक्षणाचे वर्ष आणि छपाईचे वर्ष वेगळे असते. रूळ उचलल्यानंतर छापलेल्या प्रतीवरही मार्ग दिसू शकतो. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या कागदांत अंतरे मैल व साखळीत असतात. एक साखळी २०.१२ मीटरची, ८० साखळ्यांचा एक मैल. शून्याचा बिंदू स्थानकाच्या इमारतीपाशी आहे असे गृहीत धरू नये; तो जंक्शनच्या सांध्यापाशीही असू शकतो, आणि तेवढ्या चुकीने पुढची प्रत्येक मोरी सरकते.

जमिनीवर मार्ग ओळखायचा तो त्याच्या चढावरून आणि वळणावरून. पायवाट मध्येच उभी चढते, काटकोनात वळते; रेल्वेला ते जमत नाही. चढ लांबवर एकसारखा राहतो (४० मीटरला १ मीटर हा चढ नॅरोगेजवर नवलाचा नाही) आणि वळण सलग असते. कालवाही असाच गुळगुळीत वळतो, पण तो जवळजवळ सपाट असतो. त्यामुळे शंका आली तर दोन टोकांची उंची मोजावी. भराव, कटिंग (मार्गासाठी उंचवटा कापून केलेली चर), मोऱ्या आणि पुलांच्या टोकाच्या भिंती सर्वांत जास्त टिकतात. हवाई छायाचित्र सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हातले घ्यावे. बुटक्या भरावाचीही सावली पडते. तयार चौकटींचा (रूळ व आडव्या पट्ट्या आधीच जोडलेल्या तुकड्यांचा) हलका रूळ जमिनीवर नुसता अंथरला असेल, तर मात्र यातले काहीच उरत नाही आणि सगळी भिस्त कागदांवर राहते.

रुळाचा तुकडा सापडला, बहुधा कुंपणाचा खांब किंवा मोरीवरची तुळई म्हणून, तर त्याच्या उभ्या मधल्या भागावर उठावाची अक्षरे शोधावीत. गंज हातोडीने ठोकून काढू नये, अक्षरेच निघून येतात. राठ ब्रशने झाडून बॅटरीचा उजेड बाजूने टाकला की कारखान्याचे नाव आणि वर्ष वाचता येते. ते वर्ष रुळाचे असते, मार्गाचे नव्हे. हलक्या मार्गांवर दुसरीकडून काढलेले जुने रूळ सर्रास वापरत. वजन काढण्यासाठी कापलेल्या टोकाचा आकार आलेख-कागदावर उतरवून चौरस सेंटिमीटर मोजावेत आणि ०.७८५ ने गुणावे; उत्तर दर मीटरला किलोग्रॅममध्ये येते. १९ चौ. सेंमी. म्हणजे सुमारे १५ किलो, अर्थात यार्डाला ३० पौंड. गंजाने झिजलेला रूळ कमी भरतो, हे धरून चालावे.

लाकडी स्लीपर (रुळांखालचा आडवा ओंडका) जागेवर सापडला तर गेजही मोजता येतो. प्रत्येक रुळाच्या दोन बाजूंच्या खिळ्यांच्या भोकांचा मध्य काढावा, दोन मध्यांमधले अंतर घ्यावे आणि त्यातून रुळाच्या माथ्याची रुंदी वजा करावी. ८०७ मधून ४५ गेले की ७६२ उरतात. हे माप सरळ भागातच घ्यावे, कारण तीव्र वळणावर गेज मुद्दाम काही मिमी वाढवलेला असतो.

इंजिनांचा माग स्वतंत्रपणे काढावा लागतो. कारखान्याचा अनुक्रमांक हीच त्यांची खरी ओळख. नाव आणि मार्गावरचा क्रमांक मालकागणिक बदलतात. मार्ग मेला तरी इंजिन पुढे जाते. लिंटन–बार्नस्टेपल २९ सप्टेंबर १९३५ रोजी थांबला, पण त्याचे ‘ल्यू’ हे इंजिन १९३६ मध्ये जहाजाने ब्राझीलला रवाना झाले.