डॉमिनो कोडे

डॉमिनोच्या ठरावीक सोंगट्या आखून दिलेल्या आकृतीत बसवायच्या आणि आकृतीवर लिहिलेल्या सगळ्या अटी पाळायच्या, असे हे तर्ककोडे आहे. सोंगटी म्हणजे शेजारी जोडलेले दोन चौरस. प्रत्येक चौरसावर शून्य ते सहा ठिपके. ठिपका नसलेल्या चौरसाला कोरा म्हणतात. ठिपक्यांची प्रत्येक जोडी एकदाच घेतली की २८ सोंगट्यांचा संच होतो. त्यात कुठलाही अंक सात सोंगट्यांवर असतो, पण त्याच्या दुहेरी सोंगटीमुळे तो आठ चौरसांवर येतो. चिनी डॉमिनोचा संच वेगळा, ३२ सोंगट्यांचा, आणि त्यात कोरा नसतो. युरोपात हा खेळ अठराव्या शतकात इटलीत दिसू लागला.

सोंगट्यांवरून कोडी रचण्याची कल्पना जुनी आहे. ‘डोमिनोसा’ या कोड्याचे जर्मन पेटंट ओ. एस. आडलर यांनी १८९३ मध्ये घेतले. त्यात सात बाय आठच्या चौकटीत ५६ अंक दिलेले असतात, सोंगट्यांच्या कडा तेवढ्या पुसलेल्या. कुठले दोन अंक मिळून एक सोंगटी होते ते शोधायचे. सुरुवात सोपी असते. समजा, सहा-सहा ही जोडी अख्ख्या चौकटीत एकाच ठिकाणी शेजारी आली आहे, तर तिथे रेघ मारून टाकायची. पुढे मात्र ‘ही जोडी इथे घेतली तर तिकडचा अंक एकटा पडतो’ असल्या विचारावरच सारे चालते.

रोज नवे कोडे देणारा आजचा ओळखीचा प्रकार म्हणजे ‘द न्यूयॉर्क टाइम्स’ने ऑगस्ट २०२५ मध्ये आणलेले ‘पिप्स’. त्यात दररोज सोपे, मध्यम आणि अवघड अशी तीन कोडी येतात. इथे उलटा मामला: सोंगट्या हातात असतात आणि आकृती रिकामी. आकृतीचे रंगीत विभाग पाडलेले असतात. विभागावर अंक असेल तर त्यातल्या ठिपक्यांची बेरीज तेवढी व्हायला हवी. ‘=’ असेल तर सगळ्या घरांत एकच अंक, ‘≠’ असेल तर एकही अंक पुन्हा नको. ‘>’ किंवा ‘<’ असेल तर बेरीज दिलेल्या अंकाहून जास्त किंवा कमी. रंग नसलेल्या घराला अट नाही. एक सोंगटी दोन विभागांत पाय ठेवून उभी राहू शकते, किंबहुना कोड्याची गंमत तिथेच आहे.

नवशिक्याची पहिली चूक बहुधा एकच असते. डॉमिनोच्या खेळात टोकाला टोक जुळावे लागते, म्हणून तो इथेही सारखे अंक शेजारी लावत बसतो. या कोड्यात तसा नियमच नाही. दुसरी चूक म्हणजे आकृतीकडे पाहून लगेच सोंगट्या ठेवत सुटणे. आधी हातातल्या मालाची मोजणी करावी: कोरे किती, सहा किती, दुहेरी कुठल्या. चार घरांचा ‘=’ विभाग असेल आणि चार वेळा येणारा अंक एकच असेल, तर तो विभाग एकही सोंगटी न हलवता सुटलेला असतो. दोन घरांची बेरीज बारा म्हणजे दोन्हीकडे सहा. कितीही घरांची बेरीज शून्य म्हणजे सगळे कोरे.

एक छोटे कोडे घेऊ. दोन ओळी, प्रत्येकी तीन घरे. सोंगट्या तीन: सहा-एक, चार-एक, तीन-एक. वरची सबंध ओळ हा एकच ‘=’ विभाग आहे. खाली डाव्या घरावर ‘>४’, मधल्यावर ‘<४’, उजवे घर मोकळे. सहा चौरसांत तीनदा येणारा अंक फक्त एक, म्हणून वरच्या ओळीत तिन्ही एक. एक-एक ही दुहेरी सोंगटी आपल्याकडे नाही, तेव्हा वर आडवी सोंगटी बसणारच नाही, तिन्ही उभ्या. खाली सहा, चार, तीन उरले. डावीकडे सहा, कारण चार हा चारहून मोठा नव्हे. मध्ये तीन, आणि उजवीकडे चार आपोआप आला.

अवघड कोड्यात अंकांइतकाच आकृतीचा आकारही बोलतो. एकाच शेजाऱ्याला चिकटलेले, बाहेर डोकावणारे घर दिसले की तिथल्या सोंगटीची दिशा ठरलीच. सोंगटी ठेवल्यावर बाजूला तीन किंवा पाच घरांचा तुकडा सुटा पडला, तर ती जागा चुकली. सम संख्येचा तुकडाही फसवू शकतो. बुद्धिबळाच्या पटाचे समोरासमोरचे दोन कोपरे कापले तर ६२ घरे उरतात, पण ३१ सोंगट्यांनी ती झाकता येत नाहीत: दोन्ही कोपरे एकाच रंगाचे असतात आणि सोंगटी नेहमी एक काळे, एक पांढरे घर झाकते. अख्खा पट मात्र १,२९,८८,८१६ प्रकारे झाकता येतो, त्यामुळे चाचपडत उत्तर गाठण्याची आशा मोठ्या आकृतीत धरू नये.

अडल्यावर कामी येणारी आणखी एक युक्ती बेरजेची. मोकळी घरे सोडून बाकी सगळे विभाग बेरजेचे असतील, तर हातातल्या एकूण ठिपक्यांतून विभागांवरचे अंक वजा करावेत. सोंगट्यांवर ४१ ठिपके आहेत, विभागांची बेरीज ३६ होते आणि मोकळी घरे दोन आहेत, तर त्या दोघांत मिळून पाचच ठिपके बसतील. म्हणजे सहाचा एकही चौरस तिथे जाणार नाही.