सकाळी गाडी घेत नाही: बॅटरी उतरली की इंजिन गारठलं?

दिवाळी सरली की परभणीच्या कृषी विद्यापीठातून पारा घसरल्याच्या बातम्या यायला लागतात. डिसेंबरात तर तो दहा अंशांच्याही खाली जातो. त्याच दिवसांत सकाळी सहाच्या सुमाराला गल्लोगल्ली एक आवाज ऐकू येतो. कुणी दुधाचे कॅन लावून निघालेला असतो, कुणाला तालुक्याच्या शाळेवर वेळेत पोचायचं असतं, आणि दुचाकी काही केल्या चालू होत नाही. शेजारचा खिडकीतूनच सांगून टाकतो, "बॅटरी गेली तुमची." दहा वाजता उन्हात उभी केलेली तीच गाडी पहिल्या बटनाला उठते. मग सगळे विसरतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

यात दोन वेगळे आजार आहेत. एकात इंजिन फिरवायला लागणारी ताकदच बॅटरीकडून मिळत नाही. दुसऱ्यात इंजिन व्यवस्थित फिरतं, पण आत पेट्रोल पेटत नाही. दोन्ही थंडीतच उपटतात, दोन्ही पहाटेच छळतात आणि ऊन चढलं की दोन्ही पसार होतात. म्हणून गोंधळ होतो. कुणाची धडधाकट बॅटरी बदलली जाते, तर कुणाचा कार्बोरेटर, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारा भाग, दोनदा खोलून साफ होतो आणि बॅटरीला कुणी हातही लावत नाही. दोन्हीकडे पैसा वाया जातो. खरं तर निदानाला एक मिनिट पुरतं, आणि ते कानाने होतं.

आधी हॉर्न दाबा. बटन स्टार्टला हात लावायच्या आधी. हॉर्न नेहमीसारखा खणखणीत वाजला तर बॅटरीत जीव आहे. घोगरा, बसलेला आवाज आला किंवा इंडिकेटर मंद, रेंगाळत लागायला लागला, तर संशय बॅटरीवर. मग सेल्फ मारा आणि ऐका. नुसतं 'कट' होऊन सगळं शांत झालं, 'कटकटकट' असा आवाज आला, किंवा इंजिन जड होऊन कसंबसं अर्धा फेरा घेऊन थांबलं, मीटरचा लाइट विझून परत लागला, तर बॅटरीच. याउलट इंजिन रोजच्याच वेगाने खडखडीत फिरतंय, फिरतच राहतंय, मधेच एखादा फुसका फटका मारतंय पण पकडत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. ती तिचं काम करतेय.

किक असलेल्या गाडीवर आणखी एक पडताळणी होते. सेल्फ उचलत नाही पण किकला गाडी लगेच चालू होते, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगी देणारा प्लग ठीक, दोष बॅटरीकडे किंवा सेल्फच्या वायरिंगकडे. किक मारून पाय दुखला तरी चालू होत नाही, तर दुसऱ्या आजाराकडे वळा. मात्र साइड स्टँड, क्लच आणि हँडलवरचं इंजिन बंद करायचं लाल बटन आधी बघून घ्या. बऱ्याच नव्या गाड्या स्टँड खाली असताना किंवा गिअरमध्ये असताना सेल्फच घेत नाहीत.

आता बॅटरीचं. थंडीने बॅटरी मरते असं सर्रास म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. गार हवेत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, त्यामुळे ती कमी ताकद देते. त्याच वेळी इंजिनातलं ऑइल घट्ट झालेलं असतं आणि फिरवायला जास्त जोर लागतो. पण आपल्याकडची थंडी काही काश्मीरची नाही. आठ-दहा अंशांनी चांगली बॅटरी आडवी पडत नाही. तिचं खरं नुकसान एप्रिल-मे मध्ये होतं, जेव्हा बाहेर ४२ अंश असतात, गाडी पत्र्याच्या शेडखाली किंवा भर उन्हात उभी असते आणि सीटखालची जागा तापलेली असते. उष्णतेने आतल्या प्लेटा लवकर झिजतात, पाणी उडतं. उन्हाळ्यात ऑइल पातळ आणि इंजिन गरम असल्याने अर्धमेली बॅटरीही गाडी उचलते, म्हणून कळत नाही. मे महिन्यातलं दुखणं डिसेंबरात बाहेर येतं. मराठवाड्यात गाडी वापरणाऱ्याने हे लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं, कारण त्यामुळे बॅटरी तपासायची वेळच बदलते. थंडी पडल्यावर धावपळ करण्यापेक्षा पावसाळा संपता संपता ती तपासून घेतलेली बरी.

तपासायला साधा मल्टिमीटर चालतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी चालू न करता मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.४ म्हणजे चार्जिंग हवं, १२ च्या खाली गेली तर जवळपास रिकामी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्याही खाली कोसळला तर बॅटरी थकली. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर साधारण साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवेत. ते दिसत नसतील तर नवी बॅटरी टाकूनही काही होणार नाही, गाडीचं चार्जिंगच बिघडलेलं आहे.

मोजण्याआधी टर्मिनल मात्र बघा. त्यावर पांढरी-हिरवी पूड साचली असेल किंवा स्क्रू ढिला असेल तर चांगली बॅटरीही मेल्यासारखी वागते. आधी निगेटिव्ह वायर काढा, मग पॉझिटिव्ह. खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने पुसा, कोरडं करा, पक्कं आवळा, वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्या. लावताना उलटा क्रम, पॉझिटिव्ह आधी. जुन्या पद्धतीची, झाकणं असलेली बॅटरी असेल तर दोन रेघांच्या मधे पाणी ठेवा, आणि ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं असतं, ते चुकूनही नको. सीलबंद बॅटरी उघडायच्या भानगडीत पडू नका. चार्जिंगही सावकाश करायचं, ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्ध्या अँपिअरवर. घाईचं चार्जिंग बॅटरीचं आयुष्य खातं.

दुसरा आजार पेट्रोलचा. द्रव पेट्रोल पेटत नाही, त्याची वाफ पेटते, आणि हिवाळ्यात ओले कपडे लवकर वाळत नाहीत तसं गार इंजिनात पेट्रोलही नीट उडत नाही. त्यामुळे हवा जास्त आणि पेटण्याजोगी वाफ कमी असं मिश्रण तयार होतं. कार्बोरेटरच्या गाडीला चोक दिलेला असतो तो यासाठीच. चोक ओढला की हवेची वाट अरुंद होते किंवा जास्तीचं पेट्रोल सुटतं, आणि मिश्रण दाट होतं. चोक ओढून रेस न देता किक मारा, बहुतेक वेळा दोन-तीन किकमध्ये काम होतं. चोक ओढला आणि वर रेसही पिळली तर त्याचा परिणाम कमी होतो, हे फार जणांना माहीत नसतं. इंजिन लागल्यावर मिनिटभरात चोक हळूहळू बंद करा. तो तसाच राहिला तर गाडी पेट्रोल पिते, काळा धूर काढते आणि प्लग काजळतो. म्हणजे उद्याची सकाळ आणखी अवघड.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे नवे निकष आले आणि बहुतेक नव्या गाड्यांचा कार्बोरेटर जाऊन पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आलं. इंजेक्शनच्या गाडीला चोक नसतो, इंजिन किती गार आहे हे सेन्सर सांगतो आणि पेट्रोल त्यानुसार वाढतं. चावी फिरवल्यावर बारीक 'सूं' असा पंपाचा आवाज येतो. तो थांबेपर्यंत, दोन-तीन सेकंद, बटन दाबू नका. रेस पिळू नका. या गाड्यांत पंप आणि संगणक दोन्ही विजेवर चालतात, त्यामुळे बॅटरी पार उतरली की ढकलून दुसऱ्या गिअरात टाकण्याची जुनी युक्ती बहुधा लागू पडत नाही. इथे एक आजार दुसऱ्याचं सोंग घेतो: दोष बॅटरीचा, पण पेट्रोलच येत नाही असं वाटतं.

उलटही घडतं, आणि तेच जास्त घडतं. चोक न लावता कुणी दहा-दहा सेकंद सेल्फ मारत बसतो. पेट्रोल पेटत नाही, प्लग भिजतो आणि चांगली बॅटरी पंधरा मिनिटांत बसते. मग मेस्त्री येतो तेव्हा त्याला खरंच उतरलेली बॅटरी सापडते. म्हणून सेल्फ पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, मधे दहा-पंधरा सेकंद थांबा. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचा उग्र वास आला तर प्लग भिजलाय, तेव्हा चोक बंद, रेस पूर्ण उघडी आणि चार-पाच किका.

गाडी लागल्यावर सायलेन्सरमधून पांढरी वाफ आणि पाण्याचे थेंब आले तर घाबरू नका. पेट्रोल जळताना पाणी तयार होतंच. इंजिन तापल्यावर ती वाफ थांबते. निळसर धूर थांबत नसेल तर ऑइल जळतंय, ती वेगळी गोष्ट. उभ्या गाडीत पाच मिनिटं रेस देत बसण्यात अर्थ नाही. अर्धा-एक मिनिट थांबा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा. या सुरुवातीच्या टप्प्यात ओव्हरटेक टाळा. गळीत हंगाम सुरू असतो, माजलगाव-पाथरी पट्ट्यात धुई उतरलेली असते आणि पुढे रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली असते. गार इंजिन अचानक रेस दिल्यावर अडखळतं, आणि ते अडखळणं ट्रॉलीच्या शेजारी असताना परवडत नाही. धुईत लाइट डिपरवर ठेवा, वरचा लाइट धुक्यावरूनच डोळ्यांवर परततो. जवळच्या फेऱ्यांचंही बघा. घर ते चौक एवढंच अंतर दिवसातून दहादा बटन दाबून केलं तर बॅटरीतून गेलेलं भरून येत नाही, तेव्हा किक असेल तर थंडीचे दोन महिने पहिली चालू किकवरच करा.

एवढं करूनही गाडी घेत नसेल तर प्लग काढून बघायची वेळ आली. गाडी मेस्त्रीकडे नेताना "चालू होत नाही" एवढंच सांगू नका. हॉर्न कसा वाजत होता, सेल्फला इंजिन फिरत होतं की नुसतं कट होत होतं, किकला काय झालं आणि पेट्रोलचा वास आला का, हे चार प्रश्न तो विचारायच्या आधीच सांगा.