बॅकलॅश जुळला म्हणजे पिनियन जुळलं असं नाही

जुन्या जीपचा पिकअप वाढवायला क्राऊन-पिनियन, म्हणजे ॲक्सलमधली मोठ्या चकतीची (क्राऊन) आणि तिला फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाची (पिनियन) जोडी बदलतात, त्यातला हिशोब सोपा आहे. ४.२७ ची जोडी (क्राऊनचे ४७ दात, पिनियनचे ११) काढून ४.८८ ची (३९ आणि ८) टाकली की चाकाला साधारण १४ टक्के जास्त ओढ मिळते. सिग्नलवरून गाडी चटकन सुटते आणि त्याच वेगाला इंजिन तेवढंच जास्त फिरतं. फोर व्हील असेल तर पुढचा ॲक्सलही त्याच आकड्याचा करावा लागतो. स्पीडोमीटर मग खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो, त्याचा गिअर बदलून घ्यावा.

खरा घोळ जोडी बसवल्यावर होतो. ताशी पन्नासच्या पुढे ॲक्सलच्या हौसिंगमधून (पेटीतून) एकसुरी ऊं ऐकू येतो, आणि मेकॅनिक डायल गेज लावून सांगतो, "बॅकलॅश तर बरोबर आहे." तो बरोबर असतोच. चुकलेली असते पिनियनची खोली.

बॅकलॅश म्हणजे पिनियन स्थिर धरून क्राऊन हलवल्यावर दातांमध्ये लागणारी मोकळीक. स्पायसर ४४ जातीच्या ॲक्सलला ती ४ ते ९ थाऊ हवी. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. क्राऊनच्या तीन-चार दातांवर मोजा. फरक ३ थाऊच्या वर गेला तर क्राऊनच्या बैठकीखाली कचरा आहे किंवा क्राऊन वाकडा आहे. कमी-जास्त करायला कॅरिअरच्या (क्राऊन ज्यावर बसतो त्या भागाच्या) एका बाजूची शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती, काढून दुसऱ्या बाजूला घालायची. इतकंच.

पिनियनची खोली म्हणजे पिनियनचं डोकं ॲक्सलच्या मध्यरेषेपासून किती अंतरावर आहे ते. ती ठरते हौसिंगमध्ये आतल्या बेअरिंगच्या रेसखालच्या (बाहेरच्या कडीखालच्या) शिमने. आणि फसगत होते ती इथे: पिनियन १० थाऊ जास्त आत असो वा बाहेर, क्राऊन बाजूला सरकवून बॅकलॅश ६ थाऊवर आणता येतोच. गेज समाधानाचा आकडा दाखवतं, दात मात्र चुकीच्या जागी घासत राहतात. म्हणून खोलीचा पुरावा डायल गेज देत नाही, दातावरचा ठसा देतो.

क्राऊनच्या चार-पाच दातांना मार्किंग पेस्ट पातळ लावा, क्राऊनला फळीने थोडा अटकाव द्या आणि पिनियन दोन्ही दिशांनी फिरवा. अटकाव न देता फिरवून घेतलेला ठसा काही कामाचा नाही. नव्या जोडीचा ठसा दाताच्या माथ्याकडे चढला असेल तर पिनियन क्राऊनपासून दूर आहे, रेसखाली शिम वाढवा. मुळाशी उतरला असेल तर पिनियन फार आत आहे, शिम कमी करा. पहिला बदल ५ थाऊचा, मग निम्मा निम्मा. ठसा दाताच्या लांबीत, म्हणजे आतल्या किंवा बाहेरच्या टोकाकडे सरकलेला असेल तर मुख्यतः बॅकलॅशकडे बघा.

खोलीची शिम वाढवली की पिनियन बेअरिंगही आवळतं, तेव्हा बाहेरच्या बेअरिंगमागच्या शिममध्ये तेवढीच भर घाला. पिनियन क्राऊनच्या जवळही येतं, त्यामुळे बॅकलॅश पुन्हा लावावा लागतो. क्रम हाच: आधी खोली, मग पिनियनचा प्रीलोड (बेअरिंग किती आवळलंय ते), मग बॅकलॅश, मग ठसा. उलट क्रमाने कितीही वेळा केलं तरी जमत नाही.

सुरुवात कुठून करायची? जुन्या शिम मायक्रोमीटरने मोजून तेवढ्याच घालायच्या आणि पिनियनच्या डोक्यावर कोरलेला आकडा (खोलीतला थाऊमधला फरक) बघायचा. जुन्यावर +३ आणि नव्यावर -२ असेल तर ५ थाऊ शिम वाढवायची. हा आकडा न बघता जोडी ठोकणाऱ्या गॅरेजला काम देऊ नये. डब्याचा पत्रा कापून शिम करणाऱ्यालाही नाही. पत्रा दबतो आणि सेटिंग हलतं.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना माल घेताना एक बघाच. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, दोघांवर जोडीचा एकच नंबर असतो. नंबर वेगळे असतील तर कितीही स्वस्त मिळाली तरी ती जोडी सोडा. कोणत्याही शिमने तिचा आवाज जात नाही.

आवाजावरूनही अंदाज येतो. ॲक्सिलरेटर दाबल्यावर आणि सोडल्यावर सूर बदलतो तो दातांचा, बहुधा खोलीचा. तो दाबता-सोडताना खट् वाजतं ते जास्त बॅकलॅशचं, किंवा प्रोपेलर शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटचं. ॲक्सिलरेटर कसाही असो, सूर तोच राहिला तर बेअरिंग तपासा.

तेल जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० घाला. पहिली फेरी २५-३० किलोमीटर हलक्या पायाने, मग हौसिंग पूर्ण थंड होऊ द्या, आणि ८०० किलोमीटरला तेल बदला.